‘येस’ दाबणाऱ्या शहाण्यास

ऐकून घे, मध्ये बोलू नकोस. परवा तुझ्या घरी आले होते तेव्हा तू मोठ्या फुशारकीने सांगितलंस, ‘बाई, कॉम्प्युटरवर सारखी ती चौकट यायची. परवानगी द्या, परवानगी द्या. मी ती कायमची बंद करून टाकली. आता कटकट नाही.’ आणि सांगतानाचा आविर्भाव असा, की भालकीच्या चौकात सत्कार व्हायचाच काय तो बाकी राहिलाय. मी गप्प बसले, कारण तुझी मुलगी शेजारी उभी होती. लेकरासमोर बापाचे कान उपटू नयेत, एवढं मला कळतं. आता ती समोर नाही, म्हणून लिहिते.

तू काय बंद केलंस ते तुला ठाऊक आहे का? नाहीच. ठाऊक असतं तर सांगताना मान खाली गेली असती.

विंडोज एक्सपीच्या काळात घरच्या कॉम्प्युटरवर बसणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याचा मालक असायचा, म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. त्यामुळे त्याने चालवलेला प्रत्येक प्रोग्राम मालकाच्याच हक्काने चालायचा. पेनड्राइव्हवरून आलेला व्हायरसही त्याच हक्काने चालायचा, त्याला कुणाला विचारावं लागत नसे. 2007 च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा बाजारात आलं आणि त्याच्याबरोबर ही चौकट आली. हिचं नाव युजर अकाउंट कंट्रोल, थोडक्यात यूएसी. तेव्हापासून तू मालक म्हणून बसलास तरी तुझे प्रोग्राम साध्या माणसाच्या हक्कानेच चालतात. त्यातल्या एखाद्याला विंडोजच्या गाभ्याला हात लावायचा असेल, तर पडदा अंधारतो, मागचं सगळं थिजल्यासारखं दिसतं आणि ती एकटी चौकट उरते.

पडदा का अंधारतो, याचा कधी विचार केलास? शोभेसाठी नाही अंधारत. चौकट त्या वेळी वेगळ्या, राखीव पडद्यावर उघडते. तिथे दुसऱ्या कुठल्या साध्या प्रोग्रामला तुझ्या नावाने ‘येस’ दाबता येत नाही. निर्णय तुझाच असावा म्हणून एवढी तजवीज केलेली आहे. आणि तू सेटिंगमधली तिची पट्टी ओढून सगळ्यात खाली नेऊन ठेवलीस. म्हणजे आता काय झालं? विचारणं बंद झालं, पण परवानग्या देणं बंद झालं नाही. तू मालकाच्या खात्यावर बसतोस, त्यामुळे जो मागेल त्याला तुझ्या नावाने आपोआप होकार जातो. कटकट गेली म्हणतोस ना, ती अशी गेली.

तुझी तक्रार अगदीच खोटी होती असं मी म्हणत नाही. व्हिस्टाने पहिल्या दिवसांत लोकांना खरोखर पिडलं होतं. घड्याळाची वेळ बदलायची तरी चौकट यायची. जगभर टिंगल झाली, अ‍ॅपलने तर त्यावर जाहिरात काढली. एप्रिल 2008 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आरएसए या कॉम्प्युटर-सुरक्षा परिषदेत मायक्रोसॉफ्टच्याच डेव्हिड क्रॉस या अधिकाऱ्याने उघड सांगून टाकलं, की लोकांना त्रास व्हावा म्हणूनच ही चौकट घातली होती. हेतू असा, की गिऱ्हाईक वैतागलं म्हणजे ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या मागे लागेल, आणि गरज नसताना मालकीहक्क मागणारे प्रोग्राम त्यांना सुधारावे लागतील. पुष्कळांनी सुधारलेही. 2009 मध्ये विंडोज 7 आलं, त्यात चार पायऱ्यांची पट्टी आली आणि विंडोजच्या स्वतःच्या बारीकसारीक कामांसाठी विचारणं कमी झालं. तेव्हा बंद करण्याआधी तुझ्याकडे दिवसभर चौकटींचा पाऊस पडत असेल, तर दोष चौकटीचा नाही. तू त्या यंत्रात काय भरून ठेवलंयस, त्याचा आहे.

आणि काय भरून ठेवलंयस ते मी पाहिलं. तुझ्या बायकोने बचत गटाचा हिशोब दाखवायला कॉम्प्युटर लावला, तेव्हा तो उजव्या हाताचा खालचा कोपरा दिसला मला. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले’, लाल अक्षरांत. ते जातंय न जातंय तोच दुसरं, मग तिसरं. ती बिचारी एकेक पुसत होती आणि मला म्हणाली, ‘हे नेहमीचंच आहे बाई.’ नेहमीचंच! खरी चौकट तू बंद केलीस आणि खोट्या चौकटी बायकोच्या गळ्यात बांधल्यास.

ते व्हायरसचं सांगणारं विंडोज नव्हतं. ती वेबसाइटची जाहिरात होती. फुकटचा सिनेमा बघायला किंवा कसलातरी निकाल शोधायला तू कुठल्यातरी साइटवर गेला असशील. तिथे लिहिलं असेल, ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा.’ आणि तू दाबलंस. अरे, माणूस आहेस हे सिद्ध करायला ब्राउझरच्या अलाउ बटणाची गरज कधीपासून लागायला लागली? ते बटण त्या साइटला तुझ्या पडद्यावर केव्हाही सूचना टाकायची मुभा देतं. ती मुभा तूच दिलीस, तर काढूनही तुलाच घ्यावी लागेल. क्रोममध्ये सेटिंग्ज उघड. ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ मध्ये जा, ‘साइट सेटिंग्ज’, मग ‘नोटिफिकेशन्स’. परवानगी दिलेल्या साइटींची यादी तिथे दिसेल. अनोळखी नाव दिसलं की काढ. आणि वरचा पर्याय असा ठेव, की कुठल्याही साइटने सूचना पाठवायची परवानगीच मागू नये. हे काम दोन मिनिटांचं आहे. महिनोन्महिने बायको ते पुसत बसली आणि तुला दोन मिनिटं मिळाली नाहीत.

मग तुझं ते टायपिंगचं सॉफ्टवेअर. कन्नड अर्जांसाठी नुडी आहे, ते ठीक. पण मराठी लग्नपत्रिकांसाठी कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आणलेलं ते जुनं, चोरीचं बाड? त्याच्या फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाइल होती आणि तिची पहिलीच ओळ होती, ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’. चोराने सांगावं, कुत्रं बांधून ठेवा, आणि घरधन्याने स्वतः उठून साखळी आणावी, तसलं हे. आणि पुन्हा तूच विचारतोस, बाई, हल्ली मशीन फार हळू चालतं.

जुना प्रोग्राम प्रत्येक वेळी परवानगी का मागतो, तेही सांगते, म्हणजे पुन्हा चौकटीला शिव्या देणार नाहीस. बरेचदा त्याच्या शॉर्टकटवरच ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालव’ अशी खूण कुणीतरी करून ठेवलेली असते. उजवं बटण दाब, प्रॉपर्टीजमध्ये जा, ‘कम्पॅटिबिलिटी’ बघ, खूण असेल तर काढ आणि प्रोग्राम चालतो का पाहा. पुष्कळदा चालतो. नाही चालला, तर तो आपल्या सेटिंग्ज प्रोग्राम फाइल्समध्येच लिहू बघणारा, एक्सपीच्या काळातला असणार. त्याची नवी आवृत्ती घे, आणि विकत घे. लग्नपत्रिकेचे पैसे तू गिऱ्हाइकाकडून रोख मोजून घेतोस ना?

डाउनलोड केलेली फाइल उघडताना जी वेगळी चौकट येते, तिचंही तसंच. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीवर विंडोज एक अदृश्य खूण ठेवतं आणि ती खूण पाहून तुला थांबवतं. फाइल कुठून आली हे तुला पक्कं ठाऊक असेल, तर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’ वर खूण कर, ती पुन्हा विचारणार नाही. पण ठाऊक असेल तरच. आणि नव्या मशीनबरोबर फुकट आलेलं, मुदत संपलेलं अँटिव्हायरस रोज ‘तुम्ही धोक्यात आहात, नूतनीकरण करा’ म्हणून ओरडतं, ती सूचना नसते, वसुली असते. ते काढून टाक. विंडोजचं स्वतःचं डिफेंडर आपोआप जागं होतं.

आता तुझं ठरलेलं निमित्त. ‘बाई, सगळं इंग्रजीत असतं, कुणाला कळतं?’ हे तू मला सांगतोस? आपण कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरची माणसं. घरात मराठी, तहसील कचेरीत कन्नड, बाजारात दखनी, आणि कॉलेजच्या प्रवेशासाठी उदगीर-लातूरच्या वाऱ्या. एक भाषा आली नाही म्हणून आपलं काम कधी अडलं? तुझे वडील आठव. त्यांना सहीपुरतंही अक्षर येत नव्हतं आणि पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, कन्नडमध्ये. पण सर्व्हे नंबर, नाव, क्षेत्र हे कुणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय त्यांनी कुठल्या कागदावर अंगठा टेकवला नाही. तलाठी चिडायचा, रांगेतली माणसं चिडायची. ते म्हणायचे, चिडू दे. तू बी.कॉम. झालास आणि चार ओळी वाचायला तुला भाषा आड येते. भाषा नव्हे, आळस आड येतो.

शाळेत असताना बीदरला सहलीला नेलं होतं मी तुम्हाला, महमूद गवानाचा मदरसा बघायला. 1472 सालची ती इमारत, निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे अजून भिंतीवर आहेत. तुम्ही तिथे फोटो काढत होतात आणि मी घसा कोरडा करून सांगत होते. त्या गवानाचं काय झालं, आहे का लक्षात? बहमनी राज्याचा वजीर, राज्य सावरून धरणारा माणूस. त्याच्या विरोधकांनी त्याच्या शिक्का सांभाळणाऱ्या गुलामाला वश केलं आणि एक घडी घातलेला कागद पुढे केला. आमच्या एका माणसाचा हिशोब आहे, म्हणाले, बाकी कचेऱ्यांचे शिक्के झालेत, फक्त वजिराचा राहिलाय. गुलामाने घडी उलगडलीसुद्धा नाही. शिक्का मारून दिला. कागद कोरा होता. त्यावर मग ओरिसाच्या राजाला राज्यावर चालून यायचं आमंत्रण लिहिलं गेलं, ते सुलतान तिसऱ्या मुहम्मदशहापुढे ठेवलं गेलं, आणि एप्रिल 1481 मध्ये कोंडपल्लीच्या छावणीत गवानाचं डोकं उडवलं गेलं. शिक्का माझाच, पण मजकूर माझा नाही, असं त्याने सांगितल्याचं इतिहासकार फेरिश्ता लिहितो. कुणी ऐकलं नाही. पुढे थोड्याच वर्षांत बहमनी राज्याची शकलं झाली.

हे मी तुम्हाला परीक्षेत दोन गुण मिळावेत म्हणून शिकवलं नव्हतं. न वाचता मारलेल्या शिक्क्याचा अर्थ मारणारा ठरवत नाही, नंतर कागद हातात असणारा ठरवतो. तू न वाचता ‘अलाउ’ दाबतोस, किंवा चौकट बंद ठेवून आपोआप ‘येस’ जाऊ देतोस, तेव्हा त्या गुलामाच्या जागी असतोस. फरक इतकाच, की त्याला निदान कुणीतरी येऊन फितवावं लागलं. तुझ्याकडे फितवायला कुणी यावं लागत नाही, तू वाट पाहतच बसलेला असतोस.

वाचायचं तरी किती असतं? त्या चौकटीत कामाच्या तीन गोष्टी असतात. प्रोग्रामचं नाव. तो कुणी केला, म्हणजे पब्लिशर. आणि तो कुठून आलाय: तुझ्या हार्ड डिस्कवरून, की इंटरनेटवरून. बनवणाऱ्याची ओळख पटली नसेल तर चौकटीची पट्टी पिवळी असते, तिथे ‘अननोन’ लिहिलेलं असतं. पिवळं दिसलं की हात मागे घ्यायचा. आणि ओळख पटलेली असली तरी हुरळून जायचं नाही. नाव खरं आहे एवढंच त्यातून कळतं, माणूस चांगला आहे असं नाही.

पण या तिन्हींच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा: हे आत्ता मी मागितलं होतं का? तू नुडी बसवायला घेतलंस आणि चौकट आली, तर ती तुझ्या कामामुळे आली. नाव वाच, जुळत असेल तर ‘येस’. पण तू पहाणी छापत बसलायस, किंवा मुलगी गणिताचा व्हिडिओ बघतेय, आणि अचानक कुणीतरी मालकीहक्क मागतंय? मग ‘नो’. डोकं खाजवायचंही कारण नाही. खरंच गरजेचं काम असेल तर ते पुन्हा विचारेल. ‘नो’ दाबल्याने कॉम्प्युटर बिघडल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

माणसाचा मेंदू कसा आळशी असतो ते मला कळत नाही असं समजू नकोस. अमेरिकेत ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून धोक्याच्या चौकटी दाखवल्या आणि 2015 मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. तीच चौकट दुसऱ्यांदा दिसली की मेंदूचा प्रतिसाद झपकन खाली येतो. दुसऱ्यांदाच! म्हणूनच फालतू सूचना आधी हटवायच्या, म्हणजे उरलेली खरी चौकट दुर्मीळ राहील आणि दिसली की डोळा तिच्यावर ठरेल. व्यवस्था लावणं याला म्हणतात. तू काय केलंस? फालतू सगळं ठेवलंस आणि नेमकी कामाची तेवढी हाकलून दिलीस.

याहून मोठा राग मला दुसऱ्याच गोष्टीचा आहे. खरी चौकट हळू आवाजात विचारते आणि थांबते. ‘नो’ म्हटलं तर मुकाट जाते. ती भीती घालत नाही, मुदत देत नाही, फोन नंबर तर कधीच देत नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो, हे पाठ कर. नंबर आला की समज, समोर भामटा आहे. अख्खा पडदा व्यापून भोंगा वाजवत ‘कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा’ म्हणणारी ती पानं असतात ना, त्यांच्या मागे फोन घ्यायला माणसं बसवलेली असतात. ऑक्टोबर 2023 मध्ये सीबीआयने देशभर 76 ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यात असल्याच बनावट तांत्रिक मदतीच्या टोळ्याही होत्या. मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या तक्रारींवरून. तसलं पान आलं तर घाबरायचं नाही. एस्केप दाबून धरायचं, नाहीतर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट. या तीन बटणांपुढे कुठल्याही वेबसाइटचं काही चालत नाही. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद कर. पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू का असं विचारेल, तिथे नकार दे.

गंमत बघ. जी चौकट नम्रपणे विचारते तिला तुम्ही झिडकारता, आणि जी दरडावते तिच्यापुढे हात जोडता. 2025 साली आपल्या जिल्ह्यात औरादच्या एका माजी आमदारांना ‘डिजिटल अटक’ झाल्याची भीती घालून भामट्यांनी सुमारे 31 लाखांना लुटलं. तोतया अधिकारी, खोटा खटला, आणि पडद्यासमोर बसवून ठेवलेला माणूस. कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही, तरी भले भले फसतात, कारण पडद्यावर दिसतंय ते वाचायची, थांबायची, ‘नाही’ म्हणायची सवय मोडून गेलेली असते. तुला वाटतं, तो वेगळा प्रकार आणि चौकटीवर ‘येस’ दाबणं वेगळं. अजिबात वेगळं नाही. सवय एकच. तू ती रोज घोटतोयस. आणि तुझी मुलगी शेजारी उभी राहून बघतेय, की पडद्यावर मजकूर आला म्हणजे तो वाचायचा नसतो, घालवायचा असतो. आम्ही तिला शाळेत वाचायला शिकवायचं आणि तू घरी न वाचायला शिकवायचं. वा रे बाप!

आता स्वाध्याय. रविवारी सकाळी, मोबाइल बाजूला ठेवून.

पहिलं, स्टार्टमध्ये ‘यूएसी’ टाइप कर, पट्टी उघडेल. वरून दुसऱ्या पायरीवर आण, ती मूळची जागा आहे. सगळ्यात वर नेलीस तरी माझी हरकत नाही. दुसरं, मालकाचं एक खातं वेगळं कर, त्याला पासवर्ड लाव, आणि तू, बायको, मुलगी, तिघांनी रोज साध्या खात्यावर बसा. मग चौकट नुसतं ‘येस’ ऐकणार नाही, पासवर्ड मागेल. तो टाइप करेपर्यंत तरी डोकं चालेल. तिसरं, ते चोरीचं बाड काढ, डिफेंडर चालू कर आणि पूर्ण तपासणी लाव. ती होईपर्यंत त्या मशीनवर बँकेचं काहीही करायचं नाही. बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदल. चौथं, विंडोजचं अपडेट अडवून ठेवलंयस ते सोड. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरची मशीनं कुलूपबंद केली, त्याची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. ज्यांनी ‘नंतर’ दाबलं ते सापडले. तुझं मशीन विंडोज 10 चं असेल तर त्याचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय. त्याला 11 चालतं का ते बघ. नसेल चालत तर वाढीव सुरक्षेसाठी नाव नोंदव, पण तेही कायमचं नाही, हे धरून चाल.

आणि एवढं करूनही पैसे गेलेच, तर लाजून घरात बसायचं नाही. लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावायची, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकायची, आणि बीदरच्या सेन ठाण्यात, म्हणजे सायबर गुन्ह्यांच्या पोलीस ठाण्यात, जायचं. पहिल्या काही तासांत पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता असते. ‘लोक काय म्हणतील’ म्हणत दोन दिवस घालवणाऱ्याचे परत येत नाहीत.

पाचवं आणि शेवटचं. पुढची चौकट येईल तेव्हा मुलीला हाक मार. तिने ती मोठ्याने वाचायची, अर्थ तू सांगायचा. तुला अडलं तर दोघांनी मिळून शब्दकोश काढायचा. शब्दकोशातही सापडलं नाही तर ‘नो’. कळलं नाही तर ‘नो’. इयत्ता चौथीच्या पोरीला हे एका दिवसात येईल. तुला किती दिवस लागतात ते मला कळव.